कुळथाचं कळण

मी कॉलेजात आहारशास्त्र शिकत होते तेव्हाची गोष्ट, म्हणजे ऐंशीनंतरची दोन-तीन वर्षं. आम्ही मुलुंडला दोन खोल्यांत राहायचो. कारखान्यात फिटर असलेल्या बाबांना नुकतीच साखर निघाली होती आणि आईचं रक्त कमी भरलं होतं.

घरी आठवड्यातून दोनदा तरी कुळीथ शिजायचे. त्यांचं गडद तांबूस पाणी, म्हणजे कळण, आई गाळून घ्यायची आणि त्याला लसणाची फोडणी द्यायची. बाबा भात बाजूला ठेवून आधी ते प्यायचे.

एक दिवस वर्गात बाईंनी सांगितलं, की कडधान्यांच्या सालीत टॅनिन असतं आणि त्यामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. मला आईचा पिवळा चेहरा आठवला. घरी येऊन मी फर्मान काढलं: कुळीथ, चवळी, काहीही असो, भिजवल्यावरचं पाणी टाकायचं, सालं काढायची आणि कळण बंद. आईने ऐकलं. पोरगी शिकते आहे, तिला कळतं, असं तिने शेजारणीलाही सांगितलं. बाबा समोर येईल ते जेवू लागले.

त्यानंतर ते दर रविवारी घाटकोपरला आत्याकडे जायला लागले. बहिणीची ओढ, असंच आम्हाला वाटलं. एका रविवारी गावाहून काका अचानक आले आणि बाबांना बोलवायला आईने मला पाठवलं. आत्याचं दार उघडंच होतं. बाबा जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि दोन्ही हातांनी वाडगा धरून कळण पीत होते. मला पाहताच त्यांनी वाडगा खाली ठेवला.

आत्या आत निघून गेली. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुझा पुस्तक खोटा, असा मी कधी म्हणूक नाय. पण माका ह्या आवडता, गो.”

मी नुसतं काका आल्याचं सांगितलं. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो, पण तो विषय निघाला नाही. पुढेही मी आईला कळण कर म्हटलं नाही. माझं चुकलं असं कबूल करायला तेव्हा जीभच रेटेना. दशक संपायच्या आत बाबा हृदयविकाराने गेले.

पुढे मी स्वतः शिकवायला लागले. बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं, की कडधान्यांच्या सालींना रंग देणारी टॅनिनसारखी द्रव्यं हृदयाला हितकारक असू शकतात. जेवणानंतर साखर झपकन चढू न देण्यातही कदाचित त्यांचा हात असेल. बाईंनी सांगितलेलं खोटं नव्हतं. लोह अडतंच. पण आईच्या ताटात लिंबू पिळलं असतं, तर त्यातल्या क जीवनसत्त्वाने ते लोहही बरंचसं सुटलं असतं. एवढा साधा तोडगा असताना मी घरातली एक चव बंद केली होती.

कळणाने बाबा वाचले असते, असं मी म्हणत नाही. तसं कुणालाच म्हणता येणार नाही. पण आता कुळीथ शिजत ठेवले की वाटतं, एकदाच त्यांनी माझ्या हातचं प्यावं आणि मीठ कमी पडलंय म्हणून सांगावं.