हळदीचा रंग

माझी पत्नी गेली त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कसल्या घेत होत्या?" हळदीच्या अर्काच्या, मी म्हणालो. ते म्हणाले, "भाजीतली चिमूट वेगळी, हा अर्क वेगळा. एखाद्याच्या यकृताला तो सोसत नाही. त्यानंच झालं असावं."

गोळ्या शेजाऱ्यानं दिल्या होत्या. तो वसमतला हळदीच्या गोदामात काम करतो. त्या गोळ्यांनी त्याचे गुडघे दुखायचे थांबले. तेव्हापासून भेटेल त्याच्यासमोर तो उकिडवा बसतो आणि हात न टेकता उठून दाखवतो. "बगा सर, बराबर पोरावानी!" माझ्या पत्नीचेही गुडघे दुखायचे.

डॉक्टरांचं म्हणणं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "हळदीनं कुनी मरतं व्हय? लेकराला बी दुधातून देतो आपन." गोळ्यांची डबी त्याच्या खिशातच राहिली.

आज सकाळी उठून दाखवताना त्याला अर्ध्यातच भिंत धरावी लागली. मी त्याचे डोळे पाहिले. तिचे शेवटी असेच झाले होते.

"डोळे पिवळे दिसतात तुमचे," मी म्हणालो. "दवाखान्यात चला."

"हळदीत राबतो सर, पिवळे न्हाई तर काय निळे व्हतील?" तो हसला. माझा चेहरा पाहून थांबला. मग नळाखाली बसून त्यानं साबणानं हात-तोंड धुतलं, रुमालानं डोळे चोळले आणि मान वर केली.

"गेलं का, सर?"

हातांची हळद गेली आहे. डोळे अजून पिवळे आहेत.