ऑरिननं पाडलेली मादी

ऑरिन स्टालनेकर म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. हट्टी किती? लाकूडगिरणीत दोन बोटं गेली, तर पठ्ठ्या आधी करवत बंद करून फरशी पुसत बसला, मग डॉक्टरकडे गेला. बहीण वारल्यावरही मी दर हिवाळ्यात त्याच्या शिकारीच्या कॅम्पवर रांधायला जायचे, कारण त्या अकरा बाप्यांना अंडंसुद्धा धड उकडता येत नव्हतं. माझा नवरा हार्लन त्यांतलाच एक.

कॅम्पचा कायदा एकच. हरणांतला शिंगवाला नर मारायचा, मादीला हात लावायचा नाही. ऑरिनच्या बापाच्या लहानपणी आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत हरीण औषधालाही उरलं नव्हतं. बाहेरून आगगाडीनं आणून सोडली, माद्या राखल्या, तेव्हा कुठे कळप वाढले. पुढे सरकारच माद्या मारायचे परवाने देऊ लागलं, तशी आमच्या लोकांची माथी भडकली. परवाने मोजकेच निघायचे. मग आम्हीच ते भराभर घ्यायचो आणि शिकारीच्या आदल्या दिवशी कॅम्पच्या शेगडीत जाळायचो. एक परवाना जळला की एक मादी वाचली! ऑरिन एकेक कागद आत टाकत बापाचं वाक्य म्हणायचा, "आईला मारणाऱ्याचं कधी भलं होत नाही." एकतीस वर्षं हेच चाललं. मीही टाळ्या पिटल्यात, खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी परवाने जाळले, आणि दुसऱ्याच दिवशी वनखात्याचा बास्ट्रेस आला. ऑरिनला आणि मला त्यानं वरच्या उतारावर नेलं. तिथे दहा वर्षांपूर्वी त्यानं उंच कुंपण घालून एक तुकडा हरणांपासून राखला होता. आत ओक, मेपल, चेरीची रोपं, माणूस शिरणार नाही इतकी दाट. बाहेर, आमच्या बाजूला, नुसते नेचे. ऑरिन तारेतून हात घालून एक पान चाचपत उभा राहिला.

"नेचे हरीण खात नाही," बास्ट्रेस म्हणाला. "बाकी सगळं त्यांनी कधीच फस्त केलंय. तुमच्या माद्यांची हाडं वर आलीत, ऑरिन. यंदा बर्फ जोराचा पडला तर उपाशी मरतील."

"किती कमी करायला हव्यात?"

"या डोंगरावरच्या निम्म्या. परवाने आहेत ना तुमच्याकडे?"

काय सांगणार, कप्पाळ? राख होती शेगडीत. ऑरिन गावातल्या कचेरीत गेला, तर परवाने केव्हाच संपलेले. सगळे आमच्यासारख्यांनीच नेलेले. चोरून मारणाऱ्यांतला तो नव्हता. शिकारीचे बाकीचे दिवस तो रिकाम्या हातानं व्हरांड्यात बसून राहिला.

बर्फ पडला तो मार्चपर्यंत हटला नाही. मग आम्ही तिघं ओढ्याकाठच्या हेमलॉकच्या झाडांखाली गेलो. पाय पोटाशी घेऊन माद्या मरून पडल्या होत्या, तीसेक तरी. बास्ट्रेसनं एकीचं मांडीचं हाड फोडलं. आतला मगज चरबीसारखा पांढरा असायला हवा, तो लाल आणि पाणचट निघाला, उपासमारीची खूण. ऑरिननं त्याच्याकडून सुरी घेतली आणि तिचं पोट उघडलं. आत दोन पाडसं होती. तो तिथेच बर्फात मटकन बसला.

"मीच मारली गं, व्हर्ना," म्हणाला. "सगळी मीच मारली."

मला रडू आवरेना.

पुढच्या हिवाळ्यात कॅम्पवर सगळे जमले, तेव्हा ऑरिन म्हणाला, "यंदा जाळायचे नाहीत. माद्या पाडायच्या."

"शुद्धीवर आहेस ना?" हार्लन ओरडला. "मूठभर उरल्यात, त्याही मारायच्या?"

"मूठभर आहेत तोवरच जंगल उठेल. पुन्हा वाढल्या की पुन्हा उपाशी मरतील."

"म्हातारा वनखात्याचा जावई झाला रे!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळे खो खो हसले. ऑरिन समजावून थकला. पालथ्या घड्यावर पाणी! त्याच्या डोळ्यांदेखत दहा परवाने शेगडीत गेले. बापाचं वाक्यही त्यांनी त्यालाच ऐकवलं. अकरावा, स्वतःचा परवाना त्यानं खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत एक बार ऐकू आला. मादी त्यानं एकट्यानंच ओढत आणली. सत्तरीचा माणूस, धापा टाकत होता, पण एकजण पुढे झाला नाही. हंगामातल्या पहिल्या शिकारीचं काळीज कांद्याबरोबर परतून सगळ्यांनी एकत्र खायचं, ही आमची रीत. मी परतलं. अकरा ताटं मांडली. ऑरिन येऊन बसला. बाकीचे आपापल्या पिशव्या भरू लागले.

"व्हर्ना, चल, गाडीत बस," हार्लन दारातून म्हणाला.

ऑरिननं शेजारची खुर्ची मागे ओढली. "तू तरी बस. तू पाहिलंयस, ओढ्याकाठी तिच्या पोटात काय होतं ते."

पाहिलं होतं मी. तरी मी ॲप्रन सोडून खुंटीला टांगला आणि गाडीत जाऊन बसले.