तारखेसकट आभार

संपात गिरणी गेली आणि मी घाटकोपरला एका भांड्यांच्या दुकानाबाहेर नावं घालायला बसलो. लग्नाची भांडी, बारशाची वाटी, वास्तुशांतीचा डबा. अक्षर शाळेपासून चांगलं होतं, त्यावरच निभावलं. बारीक छिन्नी, छोटी हातोडी आणि दिवसभर टकटक. अमक्याकडून तमक्याला सप्रेम भेट, खाली तारीख. तारीख न घालता भांडं परत दिल्याचं मला आठवत नाही.

लहानपणच्या तापाने बायकोच्या हृदयाची झडप खराब झाली होती. नळावरून दोन बादल्या आणल्या की ती उंबऱ्यातच बसायची आणि ओठ निळे पडायचे. मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशनची तारीख मिळाली, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "वाचेलच असं सांगता येत नाही. पण न केलं तर वर्षही काढणार नाही." त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं, गणपतीला अनवाणी गेलो, पिराला चादर चढवली. वाटेत दिसलेला एकही देव सोडला नाही.

शेजारच्या खोलीत एक म्हाताऱ्या ख्रिस्ती बाई राहायच्या, शाळेतून रिटायर झालेल्या. त्या म्हणाल्या, माउलीच्या चर्चमध्ये लोक मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाचं हृदय वाहतात, तूही वाहा. मेण मला पटेना. उन्हाने वाकणारी वस्तू घेऊन कोणाच्या दारात जायचं? मी तांब्याचा पत्रा आणला, राळेवर ठेवून ठोकला, तापवून मऊ केला, पुन्हा ठोकला. आठवड्याभरात तळहाताएवढं हृदय उठून आलं. बायकोने ते हातात घेऊन बघितलं आणि म्हणाली, "माझ्यापेक्षा हेच धडधाकट दिसतंय."

मी हसलो नाही. मला तेव्हा कशाचंच हसू येत नव्हतं.

त्यावर लिहायचं काय? बाई म्हणाल्या, तिथल्या जुन्या पाट्या सगळ्या लॅटिनमध्ये आहेत. मला ते लगेच पटलं. मराठीत सगळीकडे सांगून झालं होतं. न कळणारी भाषा तरी वरपर्यंत पोहोचेल, एवढीच माझी अक्कल उरली होती. बाईंनी वहीच्या कागदावर तीन ओळी लिहून दिल्या आणि शेजारी अर्थ. ओरा प्रो नोबिस, आमच्यासाठी प्रार्थना कर. मिझेरेरे नोबिस, आमच्यावर दया कर. प्रो ग्रात्सिया अचेप्ता, मिळालेल्या कृपेबद्दल.

मला दया हवी होती. दुसरं काही सुचतच नव्हतं. पण बायकोने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"अगं, हे बरं झाल्यावर लिहायचं. नवस काय आधी फेडतात?"

"दया मागून मागून कंटाळा आला मला. सरळ आभारच मानून टाका. एवढं तांब्यात कोरलेलं बघितल्यावर माउलीला नाही म्हणायची लाज वाटेल ना."

"आणि समजा…"

"कोरा हो तुम्ही."

तिच्यासमोर बसूनच कोरलं. वाचता न येणारी भाषा, म्हणून प्रत्येक अक्षर कागदाशी ताडून बघत होतो. ती मधे मधे डोळे मिटायची आणि टकटक थांबली की उघडायची. शेवटचं अक्षर झालं आणि माझा हात सवयीने खाली सरकला. पहिला ठोका पडला तेव्हा माझं मलाच कळलं, की मी तारीख घालायला निघालोय. कुठली घालणार?

"ऑपरेशनची घाला," ती म्हणाली. "कृपा त्याच दिवशी मिळणार ना?"

मी घातली.

त्याच तारखेला ती टेबलावरच गेली.

पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत. एवढंच आठवतं, की मी कानस घेऊन ती तारीख घासायला बसलो होतो. भांड्यावरचं नाव घासून जात नाही, पत्रा पातळ होतो आणि खूण राहतेच, हे मीच गिऱ्हाइकांना सांगायचो; ते आठवलं आणि कानस खाली ठेवली. दयेची ओळ घेतली असती तर? हा प्रश्न मूर्खपणाचा आहे हे मला कळतं. तरी इतक्या वर्षांत एकदाही मी स्वतःला माफ केलेलं नाही. तिने हट्ट केला म्हणून मधेच तिचाही राग येतो आणि मग लाज वाटते.

ते हृदय घरात ठेववेना, भंगारात घालवेना. तेराव्यानंतर मी ते चर्चमध्ये घेऊन गेलो. तिने माझ्याकडून कोरून घेतलेली ती शेवटची वस्तू होती, जिथली तिथे पोहोचवायलाच हवी होती. एका म्हाताऱ्या सिस्टरने ते उजेडाकडे धरलं, ओळ वाचली, मग खालची तारीख वाचली. त्यांचा चेहरा खुलला.

"कोणाचं?"

"बायकोचं. हार्टचं ऑपरेशन होतं."

"बरी आहे ना आता?"

तिने एवढ्या खात्रीने कोरून घेतलेलं मी कोणत्या तोंडाने खोटं पाडू?

मी हो म्हणालो. त्यांनी खिळा शोधला आणि माझ्यादेखत ते बाकीच्या आभारांमध्ये टांगलं.