पाठदुखीची बॅच, साडेसहा ते साडेसात

शवासनात बोलायचं नसतं. डोळे मिटून, हातपाय सैल सोडून दहा मिनिटं गप्प पडायचं असतं. आणि बोलायला बंदी असली की माणसाला नेमकं सगळं आठवतं. आमच्या पाठदुखीच्या बॅचचे किस्से असेच शवासनात साचलेत. घरी सांगावेत तर घरी ऐकायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. बसा. पाठ टेकून बसा जरा.

*

सुरुवात पाण्यापासून झाली. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे पाण्याच्या दिवशी शहाणा माणूस कुठलं आमंत्रण घेत नाही. आमच्याकडे पाणी भरणं हे दोघांचं काम होतं. माझी बायको सुमन नळाशी आणि मी बादल्या उचलायला. सुमनला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून नळाशीही मीच आणि बादल्यांनाही मीच.

त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या पिंपात पाइप सोडला होता आणि मी बादल्या न्हाणीत नेत होतो. चौथी बादली उचलली आणि कमरेत अशी कळ आली की मी फरशीवर आडवाच झालो. उठता येईना. हाका मारल्या, दहा तरी मारल्या असतील. दुसऱ्या मजल्यावरचं कोण ऐकतंय? पिंप भरून वाहायला लागलं. पाणी माझ्या अंगाखालून बाहेरच्या खोलीत गेलं, तिथून दाराखालून जिन्यात.

अर्ध्या तासानं खालचे लोखंडे धावत वर आले. दार नुसतं लोटलेलं होतं. त्यांनी आधी नळ बंद केला, मग कमरेवर हात ठेवून म्हणाले, "अहो शेटे, केवढं पाणी वाया घालवलंत!"

त्यानंतर त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. माणूस भला आहे, त्यांनीच मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पण इतक्या हाका मारूनही कुणी आलं नव्हतं आणि पाण्यामुळे आले, हे मनातून गेलं नाही.

*

डॉक्टर म्हणाले, "हाडं ठीक आहेत. स्नायू ढिले पडलेत. व्यायाम करा." आणि शोभा मॅडमचा पत्ता दिला.

पूर्व भागातल्या एका समाजाच्या मंगल कार्यालयात मॅडमचा वर्ग भरतो. भिंतीवर बारा खुंट्या, बारा चटया. हात पसरला तर शेजाऱ्याला लागता कामा नये, म्हणून तेराव्या माणसाला जागा नाही. मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण आवाज हेडमास्तरांचा.

पहिल्या दिवशी त्यांनी वही काढली आणि प्रत्येकाला विचारलं, "कशानं दुखतं?"

माझ्या डाव्या चटईवर नरसय्याकाका. चाळीस वर्षं मागावर काम केलेलं. ते म्हणाले, "उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन, अम्मा." ते पंचाहत्तरचे आणि मॅडम पस्तिशीच्या, तरी ते त्यांना अम्माच म्हणतात.

उजवीकडे रफिकभाई टेलर. "बैठके बैठके, मॅडम."

पुढच्या चटईवर मंगलबाई. उजनी धरणाच्या काठावरच्या गावातल्या. मुलगा-सून इथं नोकरीला, म्हणून फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या. त्या म्हणाल्या, "आयुष्यभर उसात वाकली, कंबर एक दिस दुखली न्हाय. हितं येऊन सोप्यावर बसली आन् धरली की."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मोजणी खात्यातला क्लार्क, जन्मभर नकाशांवर वाकलेला. म्हणालो, "मला सगळ्यानंच दुखतं." त्यांनी वहीत काय लिहिलं कोण जाणे.

मग त्यांनी नियम सांगितला. दर महिन्याच्या शेवटी परीक्षा. गुडघे न वाकवता ज्याची बोटं जमिनीला टेकली, तो पास. पास झालेल्यानं घरी व्यायाम करायचा आणि चटई पुढच्या माणसाला सोडायची. बाहेर दुखणाऱ्या माणसांची यादी मोठी होती. नियम रास्त होता, मला तेव्हा फार आवडला.

*

एक आसन आहे. ओणवं होऊन पाठ मांजरासारखी वर उचलायची, मग गाईसारखी खाली सोडायची. मॅडमचं सुरू होतं, "आता मांजर. आता गाय. मांजर. गाय."

पाच-सहा वेळा झाल्यावर मंगलबाई तशाच चार पायांवर थांबल्या आणि मान वळवून म्हणाल्या, "बाई, एक कायतरी ठरवा. गाय असली तर मी जाते दूध काढाय."

त्या दिवशी मॅडमसुद्धा हसल्या. मी किती महिन्यांनी मोठ्यानं हसलो कुणास ठाऊक. हसताना पाठ दुखली आणि तरीही थांबावंसं वाटेना.

*

मॅडमनी एकदा घरचा अभ्यास दिला. उताणं झोपून एक पाय सरळ वर करायचा, घरच्या कुणीतरी टाच धरायची आणि तीस आकडे मोजायचे. दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. टाच कुणी धरली?

रफिकभाई म्हणाले, "बायकोनं धरली ना मॅडम. वीसपर्यंत मोजली आन् थांबली. बोलली, पयले बोलो, मेरे भाई के घर कब जाना? तीस होयपर्यंत मी तीन गोष्टी कबूल केल्या."

नरसय्याकाका म्हणाले, "नातवानं." मंगलबाई म्हणाल्या, "सुनंनं धरली की, लई मायेची हाय." मी म्हणालो, "मुलीनं."

माझी मुलगी बंगळुरूला असते. टाच मी कपाटाला टेकवली होती. ते कपाट सुमनचं आहे. दोन वर्षांत ते उघडायची छाती झाली नाही, पण आता रोज सकाळ-संध्याकाळ त्याला पाय लावतो आणि तीस आकडे मोठ्यानं मोजतो. मोठ्यानं अशासाठी, की घरात कुणाचा तरी आवाज व्हावा. आधी तिची मनातल्या मनात माफी मागतो.

*

शवासनात मॅडम सांगतात, "मनानं आवडत्या ठिकाणी जा. शांत जागी." नरसय्याकाका पहिल्या मिनिटाला घोरायला लागतात. एकदा सगळं शांत असताना मंगलबाई ताडकन उठून बसल्या. "आगं बया, मोटार बंद करायची ऱ्हायली!" त्या मनानं उजनीच्या पाण्यावर, केळीच्या रानात पोचल्या होत्या.

संपल्यावर मॅडमनी प्रत्येकाला विचारलं, कुठं जाऊन आलात? कुणी तुळजापूरला, कुणी माहेरी. मी म्हणालो, "मी इथंच होतो."

"असं कसं काका? आवडती जागा सांगितली होती."

मी चटई गुंडाळायला लागलो. खोटं सांगायला मुलीचं नाव एकदा वापरून झालं होतं.

*

लग्नाच्या तिथीला हॉल मिळत नाही, त्या दिवशी वर्गाला सुट्टी. मॅडमनी तीन-तीनदा बजावलं होतं. तरी मी साडेसहाला तिथं हजर. सवय, दुसरं काय. बघतो तर मांडवाच्या खांबाशी नरसय्याकाका उभे. म्हणाले, "इसरलो." तेवढ्यात रफिकभाई आले, तेही विसरलेले. मग मंगलबाई रिक्षातून उतरल्या. "मला कुणी सांगितलंच न्हाय."

आम्ही चौघं मांडवात उभे राहिलो. लग्नघरातला एक गृहस्थ आला आणि आदरानं आम्हाला खुर्च्यांवर बसवून उप्पीट-चहा दिला. मग अदबीनं विचारलं, "आपण कुणाकडचे? मुलाकडचे का मुलीकडचे?"

नरसय्याकाका उप्पीट खात शांतपणे म्हणाले, "आमी कमरंकडचे."

त्या गृहस्थाला काही कळलं नाही, पण त्यानं आणखी उप्पीट वाढलं.

*

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी माझ्या हातून पेपर पडला. मी वाकलो आणि उचलला. उचलल्यावर लक्षात आलं, गुडघे सरळ होते आणि तळहात फरशीला टेकला होता. पुन्हा वाकून पाहिलं. काही दुखलं नाही.

आनंद व्हायला हवा होता. मी घाबरलो. आता पास होणार. मग सकाळी साडेसहाला उठून जायचं कुठं? मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "बाबा, मग आता क्लास संपला असेल ना?" मी म्हणालो, "छे गं, अजून फार दुखतं."

आदल्याच महिन्यात बँकेतली एक मुलगी पास झाली होती. मॅडमनी तिला पेढा दिला, आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तिच्या चटईवर नवा माणूस. ती पुन्हा दिसली नाही, आणि कुणी तिचं नावही काढलं नाही.

म्हणून परीक्षेला मी गुडघ्यापर्यंत वाकलो, "आई गं" म्हणालो आणि थांबलो. आयुष्यभर लोकांच्या जमिनींची मापं इंचाइंचानं नोंदली, एकदाही खोटं माप लिहिलं नाही. ते निवृत्तीनंतर केलं. बाहेर खरोखर दुखणारा कुणीतरी माझ्या चटईसाठी थांबलाय, हे मला माहीत होतं. लाज वाटत होती, पण त्याहून त्या रिकाम्या सकाळची भीती जास्त होती.

*

आता शेवटचा. हा गेल्या महिन्यातला.

परीक्षेच्या दिवशी मॅडम जरा गंभीर होत्या. म्हणाल्या, "बाहेर आठ जण थांबलेत. त्यात एक बाई तर भिंत धरून चालतात. आज नीट वाका, मनापासून वाका."

नरसय्याकाका वाकले. "न्हाय जमत, अम्मा." गुडघ्यापर्यंत. मंगलबाई वाकल्या. "लई वड बसती वो." गुडघ्यापर्यंत. रफिकभाई "या अल्ला" म्हणत गुडघ्यापर्यंत. माझी पाळी आली. भिंत धरून चालणारी ती बाई डोळ्यांपुढे आली, तरी मी गुडघ्यापर्यंतच गेलो. मॅडम वहीत लिहीत होत्या.

मंगलबाईंनी त्या दिवशी गावाकडच्या उकडलेल्या शेंगा आणल्या होत्या, सगळ्यांसाठी, पिशवी भरून. परीक्षा संपली म्हणून त्यांनी ती खुंटीवरून काढली आणि पिशवीचा बंदच तुटला. शेंगा हॉलभर पसरल्या. चटयांखाली, खुर्च्यांखाली, पार स्टेजपर्यंत.

"आगं बया, माज्या शेंगा!" म्हणत मंगलबाई उसात वाकायच्या तशा वाकल्या आणि दोन्ही हातांनी गोळा करत सुटल्या. त्यांच्यामागं नरसय्याकाका. रफिकभाई पदराऐवजी सदऱ्याचा ओचा करून भरत होते. मीही लागलो. कुणाच्या पायाशी आली, कुणी पलीकडून सरकवली, हसणं, ओरडणं, "ती बघा, ती बघा, खुर्चीखाली!" पाच मिनिटं तरी चाललं असेल.

मग अचानक हॉल शांत झाला. मी वर पाहिलं. आम्ही चौघंही गुडघे सरळ ठेवून, हात जमिनीला टेकवून तसेच उभे होतो. मॅडमनी शिकवलं होतं तसे, अगदी बरोबर. आणि मॅडम वही घेऊन समोर उभ्या होत्या.

आम्ही हळूहळू सरळ झालो. कुणीच कुणाकडे बघेना.

मॅडमनी वही उघडली आणि एकेक नाव मोठ्यानं वाचलं. "नरसय्याकाका, गुडघ्यापर्यंत. मंगलबाई, गुडघ्यापर्यंत. रफिकभाई, गुडघ्यापर्यंत."

मग माझ्याकडे वळल्या. "शेटेकाका, तुमचं काय लिहू?"

माझ्या दोन्ही मुठी शेंगांनी भरलेल्या. मी म्हणालो, "गुडघ्यापर्यंत."

"लिहिलं," मॅडम म्हणाल्या. वही मिटली आणि हात पुढं केला. "शेंगा द्या थोड्या. आणि उद्यापासून चटया जरा जवळजवळ घाला. आठ माणसं यायचीत."