नेल्सनच्या दोन हिराबाई

नेल्सनला जाऊन आज वर्ष झालं आणि ऑफिसमध्ये अजून त्याच्यावरून भांडणं होतात.

परवाचं भांडण मी केलं. मोठ्याने केलं. ऐकू गेलं असेल तर सॉरी नाही.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी: नेल्सन होळी गावचा. घरची वाडी, केळी, भाजी. नायगावच्या आमच्या छोट्या ऑफिसात माझ्या शेजारी बसून कोड लिहायचा. त्याच्या ड्रॉवरमध्ये कायम सुकेळी, घरचीच उन्हात सुकवलेली केळी. चार्जर मागितला तर मिळायचा नाही, सुकेळी न मागता मिळायची.

आम्ही हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. पेशंटचं नाव, जुने रिपोर्ट, कुठल्या औषधाची रिअ‍ॅक्शन येते, ते सगळं त्यात असतं.

आमचं मुख्य भांडण कमेंटवरून.

कमेंट म्हणजे कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेली ओळ. मशीन ती वाचतच नाही. माझं म्हणणं, कोड नीट लिहिला की कमेंट लागत नाही. (आजही तेच म्हणणं आहे. निम्म्या कमेंट फालतू असतात. "इथे एक मिळवला." अरे, दिसतंय ना!)

"काय केलंय ते दिसतं गं बाय," नेल्सन म्हणायचा. "का केलंय ते कुठे दिसतं?"

"मग विचारायचं. मी इथेच बसलेय."

"आणि नसलीस तर?"

"कुठे जाणार मी? सासर जवळच तुळिंजला, नोकरी नायगावात."

तो हसायचा आणि पुन्हा कमेंट लिहायचा. तीही मराठीत! मला चीड यायची.

मग हिराबाईंचं प्रकरण झालं.

एकच पेशंट दोनदा नोंदला गेला तर सॉफ्टवेअर दोन्ही नोंदी आपोआप एक करायचं. नाव, आडनाव, जन्मतारीख जुळली की माणूस तोच. जगात सगळीकडे असंच करतात.

नेल्सन म्हणाला, "जगात करत असतील. आपल्याकडे नाही चालणार."

"का?"

"तुझ्या बाबांचा वाढदिवस कधी?"

"एक जून."

"खरा?"

बाबा पन्नासच्या दशकातले. शाळेत घालताना गुरुजींनी एक जून लिहिला, आणि दर एक जूनला मी केक आणते. आजी मात्र सांगायची, बाबा झाले तेव्हा शेतात लावणी चालू होती. लावणी काय एक जूनला असते?

"आमची तारीख चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वहीत असते," नेल्सन ऐटीत म्हणाला. "तुम्हा सगळ्यांना गुरुजींनी एकाच दिवशी जन्माला घातलं."

त्या वयाची निम्मी माणसं एक जूनची. गावात नावं तीच, आडनावं तीच. म्हणजे दोन वेगळ्या म्हाताऱ्या आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक होणार. एकीला पेनिसिलिन चालत नाही, दुसरीला चालतं. कोणाला कोणाचं इंजेक्शन मिळेल सांगता येत नाही.

त्याने लगेच टेस्ट लिहिली. टेस्ट म्हणजे कोड तपासणारा छोटा कोड. पास झाला की हिरवा, नाही तर लाल. टेस्टमध्ये दोन हिराबाई. नाव एक, आडनाव एक, जन्म एकाच सालचा एक जून. त्या दोनच राहिल्या पाहिजेत.

लाल!

आमचे बॉस, म्हणजे सर, म्हणाले, "सोमवारी रिलीज आहे, हॉस्पिटलांना द्यायचंय. अशा हिराबाई असून असून किती असणार?"

"दोन असल्या की पुरे," नेल्सन म्हणाला.

रिलीज पुढे ढकलला. तारीख जुळली तर काउंटरवर गाव आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव विचारायचं, मगच नोंदी एक करायच्या, असं केलं. टेस्ट हिरवी झाली. वर त्याने कमेंट लिहिली:

"एक जून हा वाढदिवस नाही, गुरुजींचा अंदाज आहे. ही टेस्ट काढू नका."

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी तो वाडीत पाणी सोडायला गेला आणि तिथेच पडला. हॉस्पिटलपर्यंत पोचलाच नाही.

मातीला आम्ही सगळे होतो. कोणी कोणाशी भांडलं नाही. आमच्या ऑफिसात ते पहिल्यांदाच झालं.

आणि आता नवीन व्हर्जन. काउंटरवाल्यांची तक्रार आली की फार प्रश्न विचारावे लागतात. कोणीतरी तो गावाचा आणि नवऱ्याचा प्रश्न काढला. परवा टेस्ट लाल झाली.

सर म्हणाले, "जुनी टेस्ट आहे, बंद करून टाक. आता आधार असतं ना सगळ्यांकडे."

"सर, म्हाताऱ्या माणसांच्या पिशवीत पाण्याची बाटली असते, बिस्किटं असतात. आधार घरी कपाटात असतं."

"एका टेस्टसाठी रिलीज थांबवणार तू?"

"हो."

"नेल्सनसारखं करू नकोस."

इथे माझा आवाज चढला. नेल्सनसारखंच करणार, म्हटलं. टेस्ट बंद करायची तर आधी मला बंद करा.

सर केबिनमध्ये गेले. दार आपटलं. दुपारी बाहेर आले आणि म्हणाले, "बरं, गुरुवारपर्यंत."

आज गुरुवार. प्रश्न परत टाकलाय, फक्त जिथे सगळं जुळतं तिथेच विचारतो. सकाळी टेस्ट चालवली.

हिरवी.

त्याच्या कमेंटला हात लावला नाही. खाली माझी एक ओळ लिहिली. आयुष्यातली पहिली कमेंट, आणि मराठीत:

"का, ते नेल्सनला विचारता येणार नाही. म्हणून त्याने लिहून ठेवलंय."

संध्याकाळी चर्चमध्ये त्याच्या वर्षाची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, आहे. मी जातेय.

नीज आता, नेल्सन.

दोघी हिराबाई वेगवेगळ्या आहेत. मी इथेच बसलेय.