जास्तीच्या पट्ट्या

छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांना सहकारी खोडरबर म्हणत. एखादा स्वल्पविराम जास्त दिसला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे. आयुष्यात त्यांनी एकच चैन केली होती, दोन माणसांची उघडी, जुनी स्पोर्ट्स कार. कारखान्यातून निघाली तेव्हा तिचं वजन सहाशे बारा किलो होतं. त्यांच्या हाती आली तेव्हा सातशे चाळीस.

हा सगळा आधीच्या तीन मालकांचा प्रताप. पहिला वकील; खटल्यांच्या पेट्यांसाठी त्याने मागे लोखंडी जाळी ठोकली. दुसरा गायक; घशाला वारा लागतो म्हणून त्याने वर पत्र्याचं छप्पर चढवलं. "मग बसने फिरायचं होतं मेल्याने!" खोडरबर चरफडत. तिसऱ्या दंतवैद्य बाई. त्यांनी तर तळाला दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्या जोडून घेतल्या होत्या.

नऊ वर्षं खोडरबर एकेक भर उतरवत होते. सुटलेला प्रत्येक तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलत होते.

"त्यावर मी पीठ मोजते," बायको करवादायची.

"मी पुसून ठेवतो ना."

"तुमच्या पुसण्यालाही ग्रीसचा वास येतो."

शेवटी पट्ट्याच उरल्या. वेल्डर म्हणाला, "काका, कशासाठी लावल्यात ते तर बघू."

"हौस, दुसरं काय! काप."

पट्ट्या गुरुवारी कापल्या. शुक्रवारी सकाळी गाडीचं एकही दार लागेना. गाडी मधोमध खचली होती. आणि सोमवारी सरकारी तपासणी होती. इतक्या जुन्या गाडीला एकच संधी मिळते. नापास झाली की नोंदणी रद्द, गाडी भंगारात.

खोडरबरांनी दात-ओठ खात बाईंना फोन लावला. पंचाहत्तरीच्या बाई टॉर्च घेऊन आल्या आणि चटई टाकून सरळ गाडीखाली शिरल्या.

"पट्ट्या कुणी काढल्या?"

"मी. जास्तीच्या होत्या."

"अहो, हिचा सांगाडा आतून गंजलाय! पोकळ दाढेला आम्ही आधार देतो, तुम्ही आधारच उपटलात."

"विकताना एका शब्दाने सांगायचं तरी होतंत!"

गाडीखालून बाईंचं फक्त डोकं बाहेर आलं. "चार पानी पत्र लिहिलं होतं मी. तुम्ही लाल शाईने शुद्धलेखन सुधारून परत पाठवलंत."

खोडरबरांना पत्र आठवलं. एकवीस चुका होत्या. मजकूर काही केल्या आठवेना.

शनिवारी गाडी मधून जॅकवर उचलून वेल्डरने त्याच पट्ट्या पुन्हा जोडल्या. दारं लागली.

सोमवारी तपासणीला बाईही आल्या. तपासणी अधिकारी खाली वाकला. त्याने हातोडीने पट्ट्या ठोकून पाहिल्या. "या मूळच्या नाहीत. जास्तीच्या म्हणून लिहू?"

बाईंनी खोडरबरांकडे पाहिलं. "जास्तीच्या नाहीत," ते तुटकपणे म्हणाले. "त्यांच्यावरच उभी आहे ती."

अधिकाऱ्याने मान डोलावली आणि दाखल्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'दुरूस्ती योग्य'.

ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ! खोडरबरांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. बाईंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"शिक्का पडू द्या आधी," त्या दातांमधून पुटपुटल्या.