मिलिंदचे काळे तळवे

फोन आला तेव्हा मी काशाची वाटी चिंचेनं घासत होते, हॉस्पिटलात न्यायला. सुजाता, माझी लेक, किचनच्या दारात येऊन म्हणाली, "आई, मिलिंद गेला." मी नळ बंद केला. वाटी पुसली... पाच आठवडे झाले. मला लिहिता येत नाही. मी बोलतेय अन् सुजाता लिहून घेतेय.

मिलिंद माझा धाकटा. सिन्नरला विड्या वळून मी त्याला शिकवला, तो इंजिनियर होऊन इथं अमेरिकेत, नोव्हाय गावाला आला, मागून आम्ही दोघी आलो. मग त्याला एचआयव्ही निघाला. कुठून, कसा, मी विचारलं नाही. ओळखीच्या बायका यायच्या बंद झाल्या. नका येऊ, म्हटलं. पहिल्या औषधानं त्याचं रक्त आटलं, पोटात पाणी ठरेना. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या आजारावर अजून धड औषध नाही, अंगाला कमी जाचेल असं नवं औषध करून बघतोय. किती द्यायचं ते अजून कळायचंय, तर होईल तो त्रास रोज वहीत लिहायचा.

मिलिंद वहीत लिहायचा, 'ठीक'. अन् संध्याकाळी म्हणायचा, "आई, पाय पेटलेत गं." मी तूप लावून वाटीनं तळवे घासायची. आपल्याकडं हेच करतात. घासून घासून तूप काळं होतं, मग जरा निवतं. एकदा तो तसाच मोजे चढवून तपासणीला गेला. बाईंनी मोजे काढले अन् दचकल्या. तळवे कोळशासारखे! औषधानंच कातडी काळी पडली वाटून त्या औषध थांबवायला निघाल्या. मी ओल्या कागदानं पाय पुसून दाखवला. "तूप आहे बाई, तूप!" सुजातानं इंग्रजीत सांगितलं तशा त्या हसल्या. मग विचारलं, "पण पाय घासता कशाला?"

मिलिंद मला हळूच म्हणाला, "आई, बोलू नकोस. कळलं तर औषध काढून घेतील. दुसरं काही उरलं नाही माझ्याकडे."

हे त्याला मीच शिकवलं होतं. अंगात ताप असला तरी मी कुणाला सांगायची नाही, विड्या वळत राहायची... मी म्हटलं, "तू 'ठीक' लिहिलंस तर मागून येणाऱ्या पोरांचे पाय पण पेटतील. त्यांच्या घरी वाटी नसेल, मिलिंदा."

त्यानं वही बाईंपुढं ठेवली. मग स्वतःच इंग्रजीत सगळं बोलला.

औषध काढलं नाही. थोडे दिवस थांबवून निम्म्यावर आणलं. पाय बरेच निवले, पण आजार पुढं गेला होता. वर्षभर रोज खरं लिहिलं त्यानं. "आई, आज काय लिहू?" "मला काय विचारतोस? पाय तुझे." हात थरथरायला लागले तेव्हा सुजाताकडून लिहून घेतलं.

परवा डॉक्टरीणबाई घरी आल्या. म्हणाल्या, नव्या माणसांना आता पहिल्यापासून कमी देतो. मिलिंदची वही त्या घेऊन गेल्या. वाटी माझ्याकडे आहे. दवाखान्यात मिलिंदशेजारी बसणारा, तेच औषध घेणारा एक गोरा पोरगा होता, फ्रँक. त्याचे पाय जळतात, सुजाताला फोनवर म्हणाला. त्याची आई येत नाही. उद्या मी जाणार आहे. वाटी घासून ठेवलीय, तूप कढवलंय. सुजाताला सांगितलंय, त्याला इंग्रजीत नीट सांग : आधी वहीत लिही, मग पाय पुढं कर.